सुखान्ताला चिकटवलेला नाताळ

जॉश लॅन्यन या टोपणनावाने लिहिल्या गेलेल्या 'एड्रियन इंग्लिश' मालिकेचं पहिलं पुस्तक, 'फेटल शॅडोज', 2000 साली लंडनच्या गे मेन्स प्रेसने काढलं. पाचवं, 'द डार्क टाइड', 2009 मध्ये आलं आणि गोष्ट संपली. रखडलेलं प्रेम मार्गी लागलं, वाचकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग आठ वर्षांनी, 2017 मध्ये, 'सो धिस इज ख्रिसमस' ही नाताळची लघुकादंबरी निघाली. मालिकेतलं सहावं पुस्तक म्हणून ती यादीत बसली आणि गोष्टीचा शेवट म्हणून तीच वाचावी लागते. ती भिकार अजिबात नाही. भाषा खुसखुशीत आहे, एड्रियनचा तिरकसपणा शाबूत आहे, एका बैठकीत वाचून होते. पण वाचून झाल्यावर हाताला काही लागत नाही. ज्या मालिकेने पाच पुस्तकं जीव टांगणीला लावला होता, तिच्याबद्दल असं म्हणावं लागणं ही किरकोळ तक्रार नव्हे.

सगळं आलबेल झाल्यावर नायकांना सणासुदीला पुन्हा भेटीला आणायचं, हा प्रकार रोमान्सच्या बाजारात सर्रास चालतो आणि बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. गे रोमान्समध्ये मात्र तो घात करतो, असं माझं म्हणणं आहे. तिथला सुखान्त झगडून मिळवलेला असतो, आणि अशी पुरवणी त्या झगड्याचा मागमूस पुसून टाकते.

आधी मालिकेकडे नीट बघू. एड्रियन लॉस एंजेलिस परिसरात 'क्लोक अँड डॅगर' नावाचं रहस्यकथांचं दुकान चालवतो, स्वतःही रहस्यकथा लिहितो. पोरवयात रुमॅटिक फिव्हर झाल्यामुळे त्याच्या हृदयाची झडप कायमची बिघडलेली आहे. पहिल्या पुस्तकात त्याच्या दुकानात काम करणाऱ्या जुन्या मित्राचा खून होतो आणि पोलीस त्याच्यावरच संशय घेतात. तपासाला आलेल्यांमधला एक जण म्हणजे जेक रिऑर्डन. आडदांड, तुसडा, कामात हुशार, आणि स्वतः समलिंगी असल्याचं जगापासून, खात्यापासून, घरच्यांपासून लपवून ठेवणारा. पुढची सगळी मालिका या लपवण्यावर उभी आहे. जेक एड्रियनकडे येतो तो रात्री. चारचौघांत ओळख दाखवत नाही. तिसऱ्या पुस्तकात, 'द हेल यू से'मध्ये, त्याची मैत्रीण गरोदर राहते आणि तो तिच्याशी लग्न करायला निघतो. एड्रियन मागे उरतो. चौथ्या पुस्तकात दोघांची गाठ पुन्हा पडते तेव्हा जेक लेफ्टनंट झालेला आहे आणि लग्न झालेला नवरा आहे.

जेकचा हा भेकडपणा लेखकाने सोयीसाठी रचला असं कुणाला वाटेल. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याचा इतिहास माहीत असेल तर वाटणार नाही. मिच ग्रोबसन या तिथल्या सार्जंटने समलिंगी असल्यामुळे सहकाऱ्यांकडून झालेल्या छळाबद्दल 1988 मध्ये खात्यावरच दावा लावला होता. तडजोड व्हायला 1993 उजाडलं. जेकसारखा माणूस त्याच खात्यात चढत गेला असेल, तर त्याची भीती लॅन्यन यांना कल्पनेतून आणावी लागली नसणार. म्हणूनच ती खरी वाटते. वाचताना जेकचा राग येतो, आणि त्याच पानावर त्याची कीवही येते.

हे जमवण्यात लॅन्यन यांचं एक कसब फार कमी लोकांनी वाखाणलं आहे. एड्रियनचं हृदय हा निव्वळ तपशील नाही. रहस्यकथेत नायकाने पळायचं असतं, जिने चढायचे असतात, गोदामात अंधारात कुणाशी तरी झटापट करायची असते. इथे नायक पळाला की वाचक त्याच्या ठोक्यांकडे कान लावतो. गोळ्या खिशात आहेत का, हे आपणच आठवू लागतो. आणि प्रेमाचंही तेच. जेक निर्णय लांबणीवर टाकतो तेव्हा त्याच्याकडे उभं आयुष्य पडलेलं असतं; एड्रियनकडे तेवढं आहे की नाही याची खात्री कुणालाच नसते. म्हणजे एका माणसाने वेळ काढायचा आणि दुसऱ्याकडे वेळच नसायचा. साध्या रहस्यमालिकेला लाभलेला हा केवढा मोठा ताण आहे!

'द डार्क टाइड'मध्ये लॅन्यन यांनी हे सगळं फेडलं. एड्रियनची शस्त्रक्रिया झालेली आहे, तो घरच्यांच्या अति काळजीने वैतागत बरा होतो आहे. जेकने सगळं उघड केलं आहे, पोलिसातून बाहेर पडून तो खासगी गुप्तहेर झाला आहे. दुकानाची दुरुस्ती चालू असताना भिंतीतून पन्नास वर्षांपूर्वीचा सांगाडा बाहेर येतो. लपवलेलं कधीतरी भिंत फोडून बाहेर पडतं, एवढं उघड रूपक लेखकाने वापरावं का, असा प्रश्न मलाही पडला होता. पण पाच पुस्तकांच्या शेवटी ते शोभून गेलं. लपवाछपवी संपली, दुखणं आटोक्यात आलं, भिंतीतलं हाडदेखील मोजून झालं. ज्या तीन गोष्टी मालिका ओढत होत्या त्या तिन्ही लेखकाने आपल्या हाताने उतरवून ठेवल्या. शेवट म्हणतात तो हाच.

मग नाताळच्या पुस्तकात उरलं काय? एड्रियन इंग्लंडमधला सण आटोपून ठरल्यापेक्षा लवकर घरी परततो. दुकानात त्याच्या पाठीमागे भलतंच काही चाललेलं असतं. एक जुना परिचित तरुण येतो आणि बेपत्ता झालेला आपला प्रियकर शोधून द्या म्हणतो. एड्रियनच्या ओळखीत एक उत्तम गुप्तहेर आहेच. झालं, गाडी सुरू. ती चालते, पण रिकामी चालते. एड्रियन आणि जेक यांच्यात आता असं काही उरलेलं नाही की ज्याचं पुढे काय होईल याची चिंता लागावी. त्यांच्यातली कुरबुर ही सुखी जोडप्याची कुरबुर. वाचकाला आधीच ठाऊक असतं की शेवटच्या पानावर दोघं एकत्र असणार, ते बरे असणार आणि सण गोड होणार. रोमान्समध्ये हे नेहमीच ठाऊक असतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण चांगल्या रोमान्समध्ये ते डोक्याला ठाऊक असतं, पोटाला नसतं. इथे पोटालाही ठाऊक आहे.

बेपत्ता प्रियकराच्या धाग्यात मात्र खरी कादंबरी दडलेली होती, आणि तिची हळहळ अधिक वाटते. दोन तरुण मुलगे, त्यातला एक नाहीसा होतो, दुसरा वणवण करत जुन्या ओळखीच्या दारात उभा राहतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एड्रियन आणि आजचा हा मुलगा यांच्या भीतीत काय बदललं, काय तसंच राहिलं? जेक ज्या पिढीत लपला त्या पिढीपेक्षा या पोरांचं जग खरोखर मोकळं आहे का? हे प्रश्न पुस्तकाच्या उंबऱ्यावर येतात. सणाचं पुस्तक त्यांना आत घेत नाही, कारण आत घेतलं तर सण बिघडेल.

आणि ही 2017 सालची गोष्ट आहे, हे विसरून चालणार नाही. 'द डार्क टाइड' निघालं तेव्हा कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह नुकताच बंद पडला होता. नोव्हेंबर 2008 मधल्या 'प्रपोझिशन 8'च्या मतदानाने तो हक्क काढून घेतला होता. जून 2013 मध्ये तिथली लग्नं पुन्हा सुरू झाली. 26 जून 2015 रोजी 'ओबरगेफेल' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर मान्य केली. म्हणजे पाचव्या आणि सहाव्या पुस्तकांच्या मधल्या काळात वाचकाच्या पायाखालचं जगच बदललं. ज्या मालिकेचा कणा 'उघडपणे जगता येत नाही' हा होता, तिचा वाचक आता नवा प्रश्न घेऊन आला होता: उघडपणे जगता येऊ लागल्यावर हे दोघं कसे जगतात? अर्ध्या आयुष्याची लपण्याची सवय लागलेल्या माणसाला रोज सकाळी बाजारात सोबत चालणं जमतं का? प्रेम चोरटं असताना जी धार होती ती गेल्यावर त्याला कंटाळा येतो का, आणि आला तर त्याचं काय करतात? याचं उत्तर द्यायला खूनच हवा होता असं नाही. एक साधा, नीट लिहिलेला डिसेंबर पुरला असता.

असल्या पुरवणीने भल्याभल्यांना चकवलं आहे. ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' 1913-14 मध्ये लिहिली. इंग्लंडमध्ये पुरुषांमधला लैंगिक संबंध तेव्हा गुन्हा होता, आणि 1967 पर्यंत राहिला. तरीही, किंबहुना म्हणूनच, आपल्या दोन पुरुषांना सुखान्त द्यायचाच असा फॉर्स्टरचा हट्ट होता. दोघांपैकी एक फासावर लटकला असता तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं, हे तो जाणून होता. हट्टाची किंमत म्हणून हस्तलिखित आयुष्यभर कपाटात राहिलं आणि लेखकाच्या मृत्यूनंतर, 1971 मध्ये, छापून आलं. या कादंबरीला फॉर्स्टरने एक उपसंहारही जोडला होता. काही वर्षांनंतर मॉरिसच्या बहिणीला रानात दोन लाकूडतोडे भेटतात, आणि ते हेच दोघं असतात. हस्तलिखित वाचणाऱ्या कुणालाच तो उपसंहार रुचला नाही आणि फॉर्स्टरने तो काढून टाकला. आणखी एक कारण त्याने स्वतःच नोंदवलं आहे: गोष्ट 1912 च्या आसपासची, आणि 'काही वर्षांनंतर' म्हटलं की ती थेट पहिल्या महायुद्धाने पालटलेल्या इंग्लंडमध्ये जाऊन पडली असती. सुखान्ताला काळाचं शेपूट लावलं की त्या काळाचा हिशेब द्यावा लागतो. फॉर्स्टरने तो देता येत नाही हे ओळखलं आणि कात्री लावली. ज्याने सुखान्तासाठी उभ्या आयुष्याची चुप्पी पत्करली, त्यालाही सुखानंतरचं सुख लिहिता आलं नाही.

लॅन्यन यांना कात्री का लावता आली नाही, याचं उत्तर साहित्यात कमी आणि बाजारात जास्त सापडेल. नाताळचं पुस्तक हा जुना धंदा आहे. डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' 19 डिसेंबर 1843 रोजी निघालं, धो धो खपलं, आणि मग त्याच्यामागे दरवर्षी नाताळच्या पुस्तकाचा लकडा लागला. पुढे तो आपल्या साप्ताहिकाचे नाताळ विशेषांक काढू लागला आणि 1867 च्या अंकानंतर कंटाळून ते बंदच केले. दिवाळी अंकांवर पोसलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने 1909 मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून ऑगस्ट-सप्टेंबरात संपादकांचे फोन आणि पत्रं आली की कथा पाडणारे लेखक आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. त्यात उत्तम कथाही आल्या, हे खरंच. पण दिवाळी अंकाचा लेखक निदान नवी कथा लिहितो. गेल्या कादंबरीतल्या नवरा-बायकोला आकाशकंदील लावायला पुन्हा बोलावत नाही.

इंग्रजी गे रोमान्सची बरीच वाढ ई-पुस्तकांवर झाली. 2007 मध्ये किंडल आलं, छोट्या प्रकाशनसंस्था फोफावल्या. ड्रीमस्पिनर प्रेससारखी संस्था डिसेंबरात रोज एक नाताळकथा वाचकाच्या हवाली करत असे. पुढे ॲमेझॉनच्या वर्गणी योजनेत लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळू लागले. अशा व्यवस्थेत वीस ते चाळीस हजार शब्दांची सणाची लघुकादंबरी फार सोयीची पडते: लिहायला थोडे महिने, विकायला ठरलेला हंगाम, आणि तिच्या निमित्ताने मालिकेतली आधीची पुस्तकंही पुन्हा खपतात. लेखकाने पोट भरण्यासाठी लिहावं यात मला काही गैर वाटत नाही. या साहित्याचे लेखक-वाचक बहुतांशी बायका आहेत, असं नाक मुरडून म्हणणाऱ्यांचाही इथे संबंध नाही. लॅम्डा लिटररी फाउंडेशनने 2009 मध्ये आपले पुरस्कार एलजीबीटी लेखकांपुरते मर्यादित केले आणि 2011 मध्ये तो नियम बदलला, तेव्हा त्या वादाचा पुरेसा धुरळा उडून गेला आहे. जेकची भीती ज्याने कुणी लिहिली त्याला माणूस कळतो, एवढं मला पुरे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. समलिंगी माणसांच्या वाट्याला साहित्यात इतकी मरणं आली, इतक्या आत्महत्या, इतके विरह, की आता त्यांना थोडं निव्वळ, बिनकामाचं सुख मिळालं तर तुमच्या पोटात का दुखतं? स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथांना असल्या शेकडो गोड पुरवण्या मिळतात तेव्हा कुणी इतक्या गंभीरपणे जाब विचारत नाही. मराठीत बसून तर हा प्रश्न आणखीच टोचतो. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली मित्रा मरते. ते नाटक 1981 चं. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये, 2006 साली, भाऊ आणि बहीण एकाच माणसाच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांना सोडून निघून जातो. 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 चा फास सुटला, पण 17 ऑक्टोबर 2023 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. आपल्याकडे दोन मराठी पुरुष वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत सुखाने भांडत-नांदत आहेत, एवढंच सांगणारं पुस्तक निघालं तर मी रांगेत उभा राहून घेईन. मग या अमेरिकन जोडीच्या नाताळावर का खेकसायचं?

कारण सुख लिहिणं आणि काहीच न लिहिणं यांतला फरक वाचकाला कळतो. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेने रोमान्सची व्याख्या करताना भावनिक समाधान देणारा, आशादायी शेवट आवश्यक मानला आहे. या अटीवर माझा काडीचाही आक्षेप नाही. समाधान मिळायचं तर आधी काहीतरी पणाला लागावं लागतं, आणि या पुस्तकात काही पणाला लागत नाही. ज्यांना सुख नाकारलं गेलं त्यांच्या सुखाची गोष्ट उलट जास्त काळजीने, जास्त बारकाईने लिहायला हवी. त्या दोन मराठी पुरुषांच्या दिवाळीत मला पाडव्याला कोण कुणाला ओवाळतं हे बघायचं आहे, फराळाचं ताट घेऊन आलेल्या शेजारणीसमोर कोण दार उघडतं आणि कोण आतल्या खोलीत थांबतं हे बघायचं आहे, गावाकडून आईचा फोन आला की दुसरा आवाज न करता भांडी कशी विसळतो ते बघायचं आहे. सुखाला असे सांधे असतात. नाताळचं झाड, सामान, बर्फाचा विषय आणि शेवटी मिठी एवढ्यावर ते भागत नाही. शोकान्त लिहिताना आळशीपणा केला तर आपण लगेच 'भावविवश' म्हणून हिणवतो. सुखान्त लिहिताना केलेला आळशीपणा 'गोड' म्हणून खपवून घेतो. आणि तो खपवून घेणारे आपणच, म्हणजे वाचक. लेखकाला पत्रं लिहून 'अजून एकदा त्यांना भेटू द्या' म्हणणारेही आपणच.

मालिका कशी संपवावी याचा वस्तुपाठ एड्रियनच्याच गावात, लॅन्यन यांच्याच साहित्यप्रकारात पडलेला होता. जोसेफ हॅन्सनने 1970 मध्ये 'फेडआउट' लिहून डेव्ह ब्रँडस्टेटर हा विमा कंपनीसाठी मृत्यूंचा तपास करणारा समलिंगी गुप्तहेर उभा केला. लॉस एंजेलिस तेच, खून तेच. पहिल्याच पुस्तकात डेव्ह ज्याच्यासोबत वीसहून अधिक वर्षं राहिला तो जोडीदार कर्करोगाने गेलेला असतो, आणि ते दुःख घेऊन तो कामावर येतो. समलिंगी पुरुषाला विधुराचा शोक करायचा हक्क आहे, एवढंच हॅन्सनने त्या काळात ठणकावून, आणि तेही आवाज न चढवता, सांगितलं. पुढे डेव्हला दुसरा सहचर मिळतो, वय होतं, सिगारेट-दारूचा हिशेब शरीर मागू लागतं. बारा पुस्तकांत माणूस म्हातारा होतो. 1991 च्या 'अ कंट्री ऑफ ओल्ड मेन'मध्ये तो मरतो आणि मालिका संपते. त्यात समलिंगी असल्याची शिक्षा म्हणून आलेलं मरण नाही. भरपूर जगलेल्या, भरपूर प्रेम केलेल्या माणसाचं ते मरण आहे, आणि ते वाचताना मला 'सो धिस इज ख्रिसमस'मधल्या एकूण एक मिठीपेक्षा जास्त समाधान मिळालं.

एड्रियनने मरायला हवं होतं असं मी म्हणत नाही. त्याच्या झडपेने पाच पुस्तकं आम्हाला पुरेसं छळलं आहे. पण हॅन्सनने काळाला आत येऊ दिलं आणि लॅन्यन यांनी त्याला बाहेर ठेवलं, हा फरक राहतोच. ज्यांनी मालिका अजून वाचलेली नाही त्यांना माझं सांगणं सरळ आहे. 'फेटल शॅडोज'पासून क्रमाने वाचा, मधलं एकही पुस्तक गाळू नका, तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी जेकला मनसोक्त शिव्या घाला, आणि 'द डार्क टाइड' संपलं की थांबा. सहावं घेण्याऐवजी त्या पैशात हॅन्सनचं 'फेडआउट' घ्या.